भिंतीपलीकडचा अकरा नंबर

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. विटा पाडायचा किंवा मूर्ती घडवायचा साचा नव्हे. गिरणीत सूत कातणारं जे लांबलचक यंत्र असतं, त्यालाही साचाच म्हणतात. माझ्या दोन्ही अंगांना मिळून चारशे ऐंशी चात्या आहेत. चाती म्हणजे उभी, गरगर फिरणारी बारीक दांडी. तिच्यावर बॉबिन बसवतात आणि बॉबिनवर सूत गुंडाळलं जातं. वरून कापसाचा भुसभुशीत पेळू यायचा, माझ्या रुळांमधून ओढला जाऊन बारीक व्हायचा, पीळ खायचा आणि सूत होऊन खाली उतरायचा. एकतीस वर्षं मी हेच केलं. आता गिरणीच्या मागच्या आवारात पत्र्याखाली पडलो आहे. भंगाराची गाडी कधीही येईल, म्हणून जे सांगायचं ते आजच सांगून टाकतो.

माझे सुटे भाग लाकडी खोक्यांतून आले तेव्हा मी यंत्र नव्हतो, लोखंडाचा ढीग होतो. त्या ढिगाचा साचा केला एका फिटरनं. माणूस मितभाषी. त्यानं मला जोडायला अठरा दिवस घेतले. मुकादम रोज येऊन विचारायचा, "अजून किती?" आणि फिटर रोज सांगायचा, "उद्या." शेवटी त्यानं मला पूर्ण वेगात चालवलं आणि माझ्या माथ्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला. एक थेंब सांडला नाही. मग तेच पाणी पिऊन टाकून तो म्हणाला, "आता घ्या कामाला." तेव्हापासून मला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटत आलं आहे, हे मी कबूल करतो.

रांगेत मी अकरावा, म्हणून माझं नाव अकरा नंबर. मी अगदी टोकाला, भिंतीला लागून उभा होतो. त्या भिंतीपलीकडे कामगारांच्या खोल्या होत्या आणि पहिलीच खोली फिटरची होती. मी चालू असलो की त्याच्या फळीवरची भांडी हलकेच किणकिणायची म्हणे. पाहुणे आले की त्यांना त्याचा त्रास व्हायचा. घरच्यांना मात्र भांडी गप्प झाली की चैन पडत नसे.

आमच्या खात्यात आवाज एवढा, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओठ हलवून आणि हातवारे करून बोलावं लागे. तिथं काम करणारी माणसं ओठांवरून शब्द वाचायला आपोआप शिकतात. फिटरनं त्या आवाजात उभी हयात काढली. तो निवृत्त झाला तेव्हा त्याचे दोन्ही कान पार गेले होते. बायको आधीच वारली होती. घरात राहिली एक लेक, आणि ती माझ्यावरच सांधणारी म्हणून लागली. खोली गिरणीची होती. नोकरी तिची, म्हणून खोलीही तिच्या नावावर झाली.

सांधणारी म्हणजे काय, ते सांगतो. चालता चालता सूत तुटतं. तुटलं की चाती रिकामी फिरत राहते, कापूस आणि वीज दोन्ही वाया जातात. अशा वेळी कुणीतरी धावत येऊन खालचं टोक पकडायचं, वर रुळाशी न्यायचं आणि अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत अलगद जुळवायचं. फिटरची लेक हे काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर करायची. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल. खात्यात सगळे तिला चिमटी म्हणत. तिचा अंगठा आणि बोट मोकळं असतानाही जुळलेलंच असायचं. बापानं तिला एकच गोष्ट शिकवली होती, "तुटका धागा दिसला की आधी सांध, बाकीचं मागाहून." चोवीस वर्षं तिनं ती मोडली नाही. मला तिची इतकी सवय झाली होती, की तिनं कौतुक करावं म्हणून मी काही वेगळं करत नसे आणि ती आहे याचं मलाही काही वाटत नसे. जवळच्या माणसांच्या बाबतीत आपण सगळेच हे करतो.

वय झालं तशी माझी कुरकुर वाढली. धागे जास्त तुटू लागले. माझं सूत केसाळ निघायचं. रुळांतून बाहेर पडताना कापसाचे तंतू पसरतात, पीळ मधल्या तंतूंना धरतो आणि कडेचे बाहेरच राहतात. तेच ते केस. असं सूत लेचंपेचं होतं, मग त्याला जास्त पीळ द्यावा लागतो, जास्त पीळ द्यायचा तर हळू चालावं लागतं आणि किलोभर सुतामागे वीज जास्त लागते. मुकादम माझ्यासमोर उभा राहून म्हणायचा, "खायला काळ आणि भुईला भार." चिमटी त्याची पाठ वळली की माझ्या लोखंडी अंगावर थाप मारायची आणि ओठ हलवायची, "मनावर घेऊ नकोस रे. तो घरीही असाच बोलतो."

मग एके दिवशी एक तरुण इंजिनिअर साहेब आले. त्यांच्याबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्यांतून माझ्यासाठी नवा जोड आला होता. प्रत्येक चातीच्या वर एक छोटी नळी आणि तिच्याभोवती बारीक भोकांचा जाळीदार पट्टा. नळीतून हवा आत ओढली जायची, त्यामुळे पसरलेले तंतू त्या जाळीवर एका रेषेत गोळा व्हायचे आणि मगच पीळ खायचे. सूत घट्ट, गुळगुळीत, एकही केस बाहेर नाही. पीळ कमी लागला, वेग वाढला, वीज वाचली. साहेबांनी मुकादमाला समजावलं, "असे जोड पूर्वीही होते, पण हवा ओढणारा पंखाच एवढा मोठा असायचा की वाचलेली वीज तोच खायचा. हा पंखा लहान आहे. जेवढी हवा लागते तेवढीच ओढतो." मुकादमानं मान डोलावली. त्याला पटलं की तो मान डोलवत नसे, हे मला ठाऊक होतं.

मला मात्र म्हातारपणी नवे दात फुटल्यासारखं झालं.

तीन आठवडे चाचणी ठरली. चाचणीआधी मुकादमानं सगळ्या सांधणाऱ्या बायकांना बाहेर, जिथं बोललेलं ऐकू येतं अशा ठिकाणी नेलं. परत आल्यावर चिमटीनं पलीकडच्या साच्यावरच्या मैत्रिणीला ओठांनी विचारलं, "खरंच बंद करतील का गं खातं?" ती म्हणाली, "अकरा नंबर पास झाला तर सगळ्या साच्यांना जोड बसणार. नापास झाला तर साचे विकायचे आणि जागा रिकामी करायची, असंच म्हणाला ना तो." चिमटीनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. खातं गेलं तर नोकरी जाणार होती, नोकरी गेली तर खोली जाणार होती, आणि त्या खोलीत तिचे बाबा दिवसभर भिंतीला हात लावून बसलेले असत.

हे मला आधी सांगायला हवं होतं. कान गेल्यापासून फिटर भिंतीवर तळवा ठेवून मला ऐकायचा. ती घरी गेली की तो सांगायचा, "आज तुझा अकरा नंबर जड चालला. मधल्या खांबाशी तेल कमी आहे." ती दुसऱ्या दिवशी बघायची, तर खरंच तेल कमी असायचं. तिनं हे मैत्रिणीला किती वेळा हसत हसत सांगितलं असेल. "डॉक्टर नाडी बघतात तशी भिंत बघतात बाबा," ती म्हणायची.

चाचणीत साहेब दर अर्ध्या तासानं वही घेऊन माझ्या एका बाजूनं चालत जात, किती धागे तुटलेले लोंबत आहेत ते मोजत, मग टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं परत येत. त्यांनी चिमटीला सांगितलं होतं, "ताई, माझी मोजणी होईपर्यंत सांधू नका. खरा आकडा कळला पाहिजे." ती हो म्हणाली. आणि साहेब डाव्या बाजूला असले की ती उजव्या बाजूनं निघायची. तिथले सगळे धागे सांधून ती टोकाला पोहोचायची, तोवर साहेब वळून यायचे आणि त्यांना एखादाच धागा लोंबताना दिसायचा. मग ती डावीकडे. सुरुवातीला तो हाताचा गुण होता. नंतर मात्र तिला कळत होतं ती काय करते आहे. मलाही कळत होतं. मी तिला मनातून शाबासकी देत होतो, कारण पास मला व्हायचं होतं.

दुसरी गोष्ट तिनं चोरून केली नाही, पण ती कुणी पाहिलीही नाही. जाळीची भोकं सुईच्या टोकाएवढी. त्यांत कापसाचा चिकटा आणि बारीक तूस अडकायचं. मोठा पंखा असता तर त्यानं जोर लावून ते ओढून घेतलं असतं. हा पंखा बेताचा, त्याला तेवढा जोर नव्हता. तिसऱ्याच दिवशी चिमटीला एका चातीवरचं सूत किंचित केसाळ दिसलं. तिनं जाळी बोटानं चाचपली, ओलं फडकं फिरवलं आणि सूत पुन्हा गुळगुळीत झालं. तेव्हापासून बॉबिनं भरली आणि ती बदलायला मी चार मिनिटं थांबलो, की ती साठ जाळ्या पुसायची. पुढच्या थांब्याला पुढच्या साठ. कुठवर आलो ते विसरू नये म्हणून माझ्या तुळईच्या खालच्या अंगाला खडूनं रेघ ओढायची आणि पुसत पुढे गेली की जुनी रेघ बोटानं मिटवायची. आठ थांब्यांत माझं सगळं अंग पुसून व्हायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवसांत फिटर तिला म्हणाला होता, "आज हलका चालतोय गं. नवा असताना चालायचा तसा." हे तिनं साहेबांनाही सांगितलं. साहेब हसून म्हणाले, "भिंतीतून? मग मी मीटर कशाला लावलाय?" पण त्यांनी मीटर पाहिला, तर विजेचा आकडा खरंच त्या दिवशी सगळ्यांत कमी होता.

मी पास झालो. नुसता पास नव्हे, पहिला आलो. माझ्या माथ्यावर 'वीज वाचवणारा साचा' अशी पाटी लागली. मोठे साहेब आले. फोटो काढायचा होता तेव्हा फोटोवाला चिमटीला म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा, यंत्र झाकलं जातंय." ती पटकन बाजूला झाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. ती बाजूला झाली हे मला खटकलंसुद्धा नाही. आज खटकतं, पण आज त्याचा उपयोग काय?

आठवड्यानं मुकादम तिच्याजवळ आला. त्यानं तिला बाहेर नेलं नाही, तिथंच ओठ हलवून सांगितलं, म्हणून मलाही कळलं. "साहेबांच्या अहवालात आहे की अकरा नंबरवर धागे तुटतच नाहीत. आता एक बाई चार साचे बघेल. तुझ्या साच्याला सांधणारीची गरज सगळ्यांत कमी दिसली. महिनाअखेर तुझा हिशेब होईल." मग म्हणाला, "मी बोललो होतो गं तुझ्यासाठी. आकडे आकडे असतात."

मित्रांनो, ते आकडे तिचेच होते. तिच्या चिमटीनं ते खाली आणले होते. एका वाक्यात तिला हे सांगता आलं असतं. पण ते सांगितलं असतं तर चाचणी खोटी ठरली असती, मी नापास झालो असतो आणि खातं बंद झालं असतं. तिच्याबरोबर बाकीच्या सगळ्या बायका घरी बसल्या असत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "जाळ्या पुसाव्या लागतात, ते तेवढं साहेबांना सांगा." मुकादम म्हणाला, "पुसणं हे काय काम आहे का? हवेनं आपोआप साफ होतात त्या, कागदावर लिहिलंय." आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मला तोंड असायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी तिनं मैत्रिणीला खडूची रेघ दाखवली. "इथवर झाल्यात. पुढच्या थांब्याला इथून सुरू कर." मैत्रिणीचे डोळे भरलेले होते. ती म्हणाली, "चार साचे अंगावर टाकलेत गं माझ्या. सांधू की पुसू?" चिमटीला तिचं म्हणणं पटलं. ती म्हणाली, "जमेल तेव्हा पूस." पाळी संपायच्या थोडं आधी फिटर काठी टेकत खात्यात आला. त्याला कुणी अडवलं नाही. त्यानं माझ्या माथ्यावर, जिथं एकदा पाण्याचा पेला ठेवला होता तिथं, तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. "सांभाळून चाल," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. एवढ्या गोंगाटातही सगळ्यांनी वळून पाहिलं. दोन दिवसांनी खोली रिकामी झाली आणि ती दोघं दूर, तिच्या मावसभावाकडे राहायला गेली.

माझं पुढचं फार लवकर झालं. मैत्रीण चार साच्यांमध्ये धावत होती, तिला थांब्याला बॉबिनांकडे बघायलाही फुरसत नसे. खडूची रेघ तिथंच राहिली. महिनाभरात जाळ्या तुंबू लागल्या. ज्या चात्यांच्या जाळ्या मोकळ्या होत्या त्यांचं सूत घट्ट, ज्यांच्या तुंबलेल्या त्यांचं केसाळ, आणि दोन्ही एकाच गाडीत भरून जायचं. त्या सुताचं कापड विणलं गेलं, रंगात घातलं आणि त्यावर पट्टेच पट्टे उमटले. माल परत आला. इकडे हवा पुरेना म्हणून तो लहान पंखा आपोआप वेग वाढवत गेला. त्याला तसंच बनवलं होतं. तो रात्रंदिवस धापा टाकायचा आणि मीटरचा काटा चढत चढत जोड बसवण्याआधी होता त्याच्याही पुढे गेला. 'वीज वाचवणारा साचा' ही पाटी तेवढी माझ्या माथ्यावर तशीच होती.

मधे एकदा चिमटी गिरणीत आली. कचेरीत कसल्याशा कागदावर सही करायची होती. ती माझ्यापाशी आली, दोन-चार धागे लोंबत होते ते सांधून मोकळी झाली आणि मग मैत्रिणीकडे वळली. मैत्रिणीनं विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. भिंतीला हात लावून बसतात."

"तिथल्या भिंतीला?"

"हो. मला विचारतात, गिरणी बंद पडली का गं? मी म्हणते, सुट्टी आहे." ती थोडी हसली. "काल म्हणाले, केवढी लांबली यंदा सुट्टी."

चिमटीनं माझ्या अंगावर नेहमीसारखी थाप मारली. मग तिला माझ्या अंगातली थरथर जाणवली असावी, कारण तिनं हात तिथंच ठेवला. ती फिटरची लेक होती. "दम लागलाय याला," ती म्हणाली आणि पदराला हात पुसत निघून गेली.

सहा महिन्यांनी मला मोडीत काढायचं ठरलं. "जुनं ते जुनंच," मुकादम म्हणाला. मला उतरवायला दुसरे फिटर आले तेव्हा तरुण साहेब तिथं उभे होते. जोड का फसला हे त्यांना उमगत नव्हतं. बिचाऱ्यांचाही जीव त्यात होता. तुळई उलटी केली तेव्हा खालच्या अंगाला खडूची रेघ दिसली. त्यांनी मैत्रिणीला बोलावून विचारलं, "ही खूण कसली?"

तिनं सगळं सांगितलं. थांब्याला साठ जाळ्या, ओलं फडकं, सगळं. आणि सांगता सांगता न राहवून मोजणीच्या वेळी कोण कुठल्या बाजूनं चालत होतं, तेही सांगितलं. साहेबांनी एक जाळी काढली, खिशातला रुमाल ओला करून पुसली आणि खिडकीकडे धरली. तिच्या भोकांतून उजेड आला. मग ते म्हणाले, "मी वीज मोजली, धागे मोजले. त्या ताईंना मोजायचं राहिलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमाला सांगितलेलं मी ऐकलं. ते फिटरच्या त्या खोलीवर जाऊन आले होते. आता तिथं रिकामी बॉबिनं ठेवतात. तिथल्या भिंतीवर, खाली बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, चुना गुळगुळीत झाला आहे, एका तळव्याएवढा. त्यांनी नवा अहवाल लिहिला. पण मी तोवर विकला गेलो होतो, आणि तिच्या मावसभावाचा पत्ता कचेरीत कुणाकडे नव्हता.

मित्रांनो, नव्या गोष्टींचा मला राग नाही. तो जोड खरंच चांगला होता आणि त्यानं खरंच वीज वाचवली असती. तुमच्या घरातही नवी नवी यंत्रं येतील आणि यावीतच. फक्त एखादी वस्तू आपोआप चालते असं कुणी सांगितलं, तर थोडा वेळ तिच्याजवळ थांबून बघा. कुणीतरी तिला पुसत असेल, तेल घालत असेल, तुटलेलं गुपचूप सांधत असेल. त्या माणसाला फोटोतून बाजूला काढू नका. मी हे वेळेवर शिकलो नाही. मी माझ्या पाटीकडे बघत राहिलो.

आता एवढंच सांगायचं राहिलं. मला तिथून हलवल्यावर आमचं खातंही बंद झालं. त्या भिंतीच्या अलीकडे आता काहीच चालत नाही. म्हातारा फिटर भिंतीला हात लावून विचारेल, "गिरणी बंद पडली का गं?" तेव्हा लेकीला आता खोटं बोलावं लागणार नाही.